ऊन फुकट, भांडवल महाग: अक्षय ऊर्जेतल्या परकीय पैशाचं राजकारण

श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, जाफनाच्या किनाऱ्यापलीकडे नैनातीवु, अनलैतीवु आणि डेल्फ्ट अशी तीन छोटी बेटं आहेत. देशाच्या मुख्य वीजजाळ्याशी ती जोडलेली नाहीत, वीज डिझेल जनरेटरवर चालते. जानेवारी २०२१ मध्ये श्रीलंकेच्या मंत्रिमंडळाने इथे सौर, पवन आणि बॅटरी असा एकत्रित प्रकल्प उभारण्याचं काम एका चिनी कंपनीला दिलं. पैसा आशियाई विकास बँकेचा, निविदाही रीतसर निघालेली. सौर आणि पवन मिळून क्षमता साधारण सव्वादोन मेगावॅट. आज समुद्रात उभी राहणारी एकच मोठी पवनचक्की याच्या कितीतरी पट वीज देते.

तरीही या सव्वादोन मेगावॅटवरून दोन मोठे देश समोरासमोर आले. तमिळनाडूचा किनारा तिथून जवळ असल्याने भारताने आक्षेप घेतला आणि तोच प्रकल्प अनुदानातून करून देण्याची तयारी दाखवली. डिसेंबर २०२१ मध्ये चिनी दूतावासाने ‘तिसऱ्या देशाच्या सुरक्षाविषयक चिंतेमुळे’ काम थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि त्याच दमात मालदीवमधल्या १२ बेटांवरचं काम आपल्याला मिळाल्याचंही सांगून टाकलं. मार्च २०२२ मध्ये भारत आणि श्रीलंकेचा सामंजस्य करार झाला. मार्च २०२४ मध्ये भारतीय अनुदानातून बेंगळुरूच्या एका कंपनीला कंत्राट मिळालं. म्हणजे पहिल्या मंजुरीपासून कंत्राटावर सही व्हायलाच तीन वर्षं गेली, आणि तोवर बेटांवरचे लोक डिझेलवरच होते.

सूर्य आणि वारा कुणाच्याही मालकीचे नाहीत, त्यामुळे अक्षय ऊर्जा आली की ऊर्जेवरून होणारी भांडणं संपतील, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. इंधनावरची भांडणं कमी होतील हे खरं आहे. पण त्यांच्या जागी भांडवलावरची भांडणं आली, आणि ती समजून घेतल्याशिवाय ‘अमुक देशाने तमुक देशात सौर प्रकल्पात इतके अब्ज गुंतवले’ या बातमीचा अर्थच लागत नाही.

मुळात फरक कुठे पडला ते पाहू. कोळशाच्या किंवा गॅसच्या केंद्राला रोज इंधन लागतं, त्यामुळे त्याचा मोठा खर्च वर्षानुवर्षं पसरलेला असतो. इंधन पुरवणारा हवं तेव्हा हात आखडता घेऊ शकतो. रशियाने २०२२ मध्ये युरोपचा गॅस रोखला तेव्हा हेच झालं. सौर किंवा पवन प्रकल्पाचं गणित उलटं असतं. भाड्याच्या घरात दर महिन्याला पैसे जातात, तर स्वतःचं घर घेताना सगळी किंमत आधीच मोजावी लागते आणि त्यासाठी कर्ज काढावं लागतं. सौर प्रकल्प म्हणजे कर्ज काढून घेतलेलं घर. एकदा उभा राहिला की इंधनाचं बिल शून्य, पण पहिल्या दिवशी लागणारी रक्कम प्रचंड. त्यामुळे विजेचा दर उन्हावर जितका अवलंबून असतो, त्याहून जास्त व्याजदरावर असतो.

हे आकड्यांत बघितलं की पटतं. समजा १० कोटी डॉलरचा सौर प्रकल्प आहे आणि सगळी रक्कम २० वर्षांत समान हप्त्यांनी फेडायची आहे. व्याजदर ५ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता सुमारे ८० लाख डॉलर येतो. १२ टक्के असेल तर तोच हप्ता जवळपास १ कोटी ३४ लाख डॉलरवर जातो. पॅनेल तेच, ऊन तेच, निर्माण होणारी वीजही तेवढीच, फक्त देश वेगळा म्हणून वीज दीडपटीहून महाग. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अभ्यासानुसार विकसनशील देशांत मोठ्या सौर प्रकल्पासाठी भांडवलाचा खर्च श्रीमंत देशांच्या दुपटीहून अधिक पडतो.

याचा परिणाम नकाशावर दिसतो. याच संस्थेच्या अंदाजानुसार २०२५ मध्ये जगात स्वच्छ ऊर्जेत साधारण २.२ लाख कोटी डॉलर गुंतवले जाणार होते. जगातल्या उत्तम सौर संसाधनांपैकी ६० टक्के आफ्रिकेत आहेत, पण या पैशातला तिचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास. जगाची जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या तिथे राहते. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते, आणि बड्या देशांच्या रस्सीखेचीच्या बातम्यांत ती हरवून जाते.

व्याज जास्त का लागतं? धनकोच्या मनात तीन भीती असतात. वीज विकत घेणारी सरकारी कंपनी तोट्यात असते, ती बिल भरेल का? सरकार बदललं तर करार टिकेल का? आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत जाचक भीती चलनाची. कर्ज डॉलर किंवा युरोमध्ये असतं, वीज मात्र स्थानिक चलनात विकली जाते. चलन घसरलं की हप्ता फुगतो. मग गुंतवणूकदार म्हणतो, विजेचा दरच डॉलरमध्ये बांधून द्या, आणि वर सरकारची हमी द्या. हे मान्य केलं की धोका गुंतवणूकदाराच्या खांद्यावरून उतरून थेट त्या देशाच्या तिजोरीवर आणि वीज ग्राहकावर येतो.

केनियात हे सगळं एकाच प्रकल्पात बघायला मिळतं. तुर्काना सरोवराच्या आग्नेयेला, वारा जवळजवळ बारमाही वाहतो अशा ओसाड पट्ट्यात ३६५ पवनचक्क्या उभ्या आहेत. एकूण क्षमता ३१० मेगावॅट. ही केनियाच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी खासगी गुंतवणूक होती. यंत्रं डेन्मार्कच्या व्हेस्टास कंपनीची, भागधारकांत डेन्मार्क, नॉर्वे आणि फिनलंडचे सरकारी विकास निधी, कर्जाची जुळवाजुळव आफ्रिकी विकास बँकेने केलेली. २० वर्षांच्या वीज खरेदी कराराचा दर युनिटला सुमारे साडेसात युरो सेंट असा, म्हणजे युरोमध्येच बांधलेला. ‘वीज घ्या किंवा न घ्या, पैसे द्या’ अशा धाटणीची अट असल्यामुळे धोका ओळखून जागतिक बँक २०१२ मध्ये बाजूला झाली.

पुढे घडलंही तसंच. ओसाड भागातून वीज बाहेर काढायला चारशेहून अधिक किलोमीटरची पारेषण वाहिनी लागणार होती आणि ती बांधायची जबाबदारी सरकारची होती. तिचं कंत्राट एका स्पॅनिश कंपनीकडे होतं, ती २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी पवनचक्क्या तयार झाल्या, पण वाहिनी नव्हती. पाती वाऱ्यात उभी, वीज कुठेच जात नाही, आणि करारानुसार केनियाच्या सरकारवर अब्जावधी शिलिंगांचा दंड चढत गेला. अखेर उरलेलं काम चिनी कंपन्यांनी पूर्ण केलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये वीज वाहू लागली. या विलंबामुळे गूगलने या प्रकल्पात भागीदारी घेण्याचा बेत सोडून दिला.

आणखी एक धागा राहिला. प्रकल्पाला दीड लाख एकर जमीन दिली गेली होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणाऱ्या समाजांतल्या लोकांनी न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरू इथल्या न्यायालयाने जमिनीचे दस्तऐवज बेकायदेशीर प्रक्रियेने झाल्याचं ठरवलं. डॅनिश यंत्र, नॉर्डिक भांडवल, स्पॅनिश कंत्राटदार, चिनी मदत, युरोमधला दर, आणि ज्यांच्या चराऊ रानावर हे सगळं उभं राहिलं त्यांना कुणी धड विचारलंच नाही. अशा प्रकल्पाला ‘पाश्चात्त्य गुंतवणूक’ असं एक लेबल लावून काय कळणार?

गरीब देशातच करार मोडतात, असा एक समज असतो. तो खोडायला स्पेन पुरेसा आहे. २००७ मध्ये स्पेनने सौरविजेला पंचवीस वर्षं चढा दर देण्याचं आश्वासन दिलं. सरकारची अपेक्षा काहीशे मेगावॅटची होती, २००८ अखेर आकडा ३,००० मेगावॅटच्या पलीकडे गेला. तेवढ्यात आर्थिक संकट आलं. वीज यंत्रणेतली तूट २५ अब्ज युरोंच्या वर गेल्यावर सरकारने २०१० पासून दर कापायला सुरुवात केली आणि २०१३ मध्ये जुनी योजनाच मोडीत काढली.

परकीय गुंतवणूकदारांच्या हातात तेव्हा एक शस्त्र होतं. १९९४ मध्ये लिस्बनला झालेल्या ऊर्जा सनद करारानुसार, सरकारने अन्यायकारक वागणूक दिली तर देशाच्या न्यायालयात न जाता थेट आंतरराष्ट्रीय लवादाकडे जाता येतं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर पूर्व युरोपातल्या तेल-गॅसमध्ये पैसा घालणाऱ्या पाश्चात्त्य कंपन्यांना संरक्षण मिळावं, हा त्याचा मूळ हेतू. तोच करार पश्चिम युरोपातल्या एका देशावर, तोही सौर ऊर्जेवरून, उलटला. स्पेनविरुद्ध सुमारे ५० दावे दाखल झाले. त्यातला एक मला फार बोलका वाटतो: अबू धाबी सरकारच्या मालकीच्या मसदार कंपनीने आपली स्पेनमधली गुंतवणूक नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या संस्थेमार्फत केली होती. त्यामुळे ती कागदोपत्री डच ठरली आणि २०१८ मध्ये तिला ६ कोटी ४५ लाख युरोंची भरपाई मंजूर झाली. पैशाचं राष्ट्रीयत्व असं असतं. नोंदणी कुठे केली त्यावर ते बदलतं.

आता याची दुसरी बाजू. त्याच योजनेच्या भरवशावर हजारो स्पॅनिश कुटुंबांनी आपली बचत, काहींनी तर घर तारण ठेवून काढलेलं कर्ज छोट्या सौर प्रकल्पांत घातलं होतं. ते परकीय नव्हते, म्हणून त्यांना लवादाचं दार बंद होतं, आणि देशातल्या न्यायालयांतही त्यांच्या हाती फारसं काही लागलं नाही. एकाच निर्णयाने बुडालेल्या दोघांपैकी परक्याला दाद मिळते आणि घरच्याला नाही, ही गोष्ट मला कुठल्याच तर्काने न्याय्य वाटत नाही. पुढे युरोपीय आयोगाने ही भरपाई देणं म्हणजे बेकायदा सरकारी मदत ठरेल अशी भूमिका घेतली, आणि २०२५ मध्ये स्पेन व युरोपीय संघ दोघेही त्या करारातून बाहेर पडले. काही दावे अजून वेगवेगळ्या देशांच्या न्यायालयांत रेंगाळत आहेत.

अमेरिकेतलं उदाहरण तर अगदी ताजं आहे. ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यापलीकडे उभारल्या जात असलेल्या रेव्होल्यूशन विंड या समुद्री पवन प्रकल्पाचं ८० टक्के काम झालेलं असताना ऑगस्ट २०२५ मध्ये संघराज्य सरकारने ते थांबवण्याचा आदेश काढला. प्रकल्पात डेन्मार्कची ऑर्स्टेड कंपनी भागीदार आहे आणि तिची निम्म्याहून थोडी अधिक मालकी डॅनिश सरकारची. महिनाभराने न्यायालयाने काम सुरू करायला मुभा दिली. पण अशा एका आदेशाने गुंतवणूकदारांना काय वाटतं याचा विचार करा. व्याज ठरवताना केनियाला ‘राजकीय धोका’ लावला जातो, तो इथेही लावायला हवा.

आतापर्यंत आपण पैसा देणाऱ्याच्या भीतीबद्दल बोललो. पैसा घेणाऱ्यालाही भीती असते, आणि ती बहुतेक वेळा चीनभोवती फिरते. २०११ च्या अखेरीस पोर्तुगाल कर्जाच्या गर्तेत होता. युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ७८ अब्ज युरोंचं अर्थसाहाय्य देताना सरकारी हिस्से विकण्याची अट घातली होती. ईडीपी या राष्ट्रीय वीज कंपनीचा २१ टक्क्यांहून थोडा अधिक हिस्सा विक्रीला निघाला आणि चायना थ्री गॉर्जेस या चिनी सरकारी कंपनीने जर्मनीच्या कंपनीला मागे टाकून तो २.७ अब्ज युरोंना घेतला. २०१८ मध्ये तिने उरलेली कंपनीही घेऊ पाहिली तेव्हा लिस्बनमधल्या अमेरिकी राजदूतांनी उघड विरोध केला, कारण ईडीपीच्या मालकीच्या पवनचक्क्या अमेरिकेतही होत्या. २०१९ मध्ये तो बेत बारगळला. चीनला दार उघडून दिलं ते युरोपने स्वतःच घातलेल्या अटीने, हे त्या वादात फारसं कुणी बोललं नाही.

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. २०१८ मध्ये चीनच्या स्टेट ग्रिड या सरकारी वीज कंपनीला ‘५० हर्ट्झ’ या पारेषण कंपनीत २० टक्के हिस्सा हवा होता. बर्लिन आणि पूर्व जर्मनीचा वीजपुरवठा याच कंपनीच्या वाहिन्यांवर चालतो. तेव्हाच्या कायद्यानुसार २५ टक्क्यांखालचा व्यवहार सरकारला अडवता येत नव्हता. मग सरकारी विकास बँकेला पुढे करून तो हिस्सा सरकारनेच विकत घेतला, आणि त्याच वर्षी संवेदनशील क्षेत्रांसाठी ती मर्यादा १० टक्क्यांवर आणली. भारतानेही एप्रिल २०२० पासून सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. हातात पैसा असलेल्या देशाला ‘नको’ म्हणता येतं. लाओसला ते जमलं नाही. कर्जाच्या ओझ्याखाली त्याने २०२१ मध्ये उच्चदाब पारेषण जाळं २५ वर्षांसाठी अशा कंपनीच्या हाती दिलं, जिच्यात बहुसंख्य वाटा चिनी सरकारी कंपनीचा आहे.

इथे एक भेद नीट लक्षात ठेवला पाहिजे. सौर प्रकल्पाची मालकी परक्याकडे असणं आणि पारेषण जाळ्याची मालकी परक्याकडे असणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रकल्प उचलून नेता येत नाही. मालकाने तो बंद ठेवला तर त्याचंच उत्पन्न बुडतं, आणि देशाकडे दुसरे प्रकल्प असतात. वीजजाळं मात्र एकच असतं, त्याला पर्याय नाही. म्हणून सगळ्या परकीय गुंतवणुकीला एकाच मापाने घाबरणं चुकीचं आहे, तसंच एकाच मापाने स्वागत करणंही.

यंत्रसामग्रीचंही तसंच. पॉलिसिलिकॉन या कच्च्या मालापासून तयार सौर पॅनेलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर जगातली ८० टक्क्यांहून अधिक उत्पादन क्षमता चीनमध्ये आहे. २००० मध्ये जर्मनीने सौरविजेला हमीदर दिला, त्यातून मागणी तयार झाली आणि ती चिनी कारखान्यांनी पकडली. पॅनेलच्या किमती कोसळल्या त्या यामुळेच. गरीब देशांना सौरवीज परवडू लागली यात चीनचा वाटा नाकारणं खोटेपणाचं होईल. अमेरिकेने २०१२ मध्ये आणि युरोपने २०१३ मध्ये आयातशुल्क लावलं. युरोपने ते २०१८ मध्ये काढून टाकलं, अमेरिकेने मात्र वाढवत नेलं. मग चिनी कंपन्यांनी व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड, कंबोडियात कारखाने काढले. २०२५ मध्ये अमेरिकेने या चारही देशांवर शुल्क लावलं, कंबोडियातल्या काही कंपन्यांवर तर ३,५०० टक्क्यांहून अधिक. पाठोपाठ जुलैमध्ये अमेरिकी उत्पादकांनी भारत, इंडोनेशिया आणि लाओसच्या मालाविरुद्धही तक्रार केली. कारखाना कुठे उभा राहणार हे अशा वेळी मजुरी किंवा बाजारापेक्षा शुल्काच्या तक्त्यावर ठरतं, आणि पुढच्या वर्षी तक्ता बदलला की गुंतवणूक दुसऱ्या देशाकडे निघते. मागे राहतात त्या कारखान्यात कामाला लागलेली माणसं.

पॅनेल एकदा छतावर चढलं की ते कुठल्या देशातून आलं याने रोजच्या विजेला फरक पडत नाही. पुरवठा थांबला तर नवे प्रकल्प अडतात, जुने चालू राहतात. गॅसची नळी बंद होण्याशी याची तुलना करणारे लोक हा फरक विसरतात. पण इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी आहे. पॅनेलमधली वीज जाळ्याला चालेल अशा रूपात बदलणारा हा डबा इंटरनेटला जोडलेला असतो आणि त्याचा निर्माता दुरून त्यात फेरफार करू शकतो. असे हजारो डबे एकाच वेळी बंद पडले तर जाळं डळमळू शकतं. लिथुआनियाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा करून १०० किलोवॅटहून मोठ्या सौर, पवन आणि साठवण प्रकल्पांच्या नियंत्रण यंत्रणेत चीनसारख्या देशांतल्या उत्पादकांना दुरून शिरायला मनाई केली. मला हा कायदा आवडतो, कारण तो पॅनेल किंवा पैशाला हात लावत नाही, नेमका धोका जिथे आहे तिथेच कुलूप लावतो.

श्रीमंत देशांनी चीनला उत्तर म्हणून काय दिलं? २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर काढण्यासाठी ८.५ अब्ज डॉलरची भागीदारी जाहीर झाली, २०२२ मध्ये इंडोनेशियासाठी २० अब्ज आणि व्हिएतनामसाठी १५.५ अब्ज डॉलरची. दक्षिण आफ्रिकेच्या आकड्यात अनुदान फक्त ४ टक्क्यांच्या आसपास होतं, बाकी मुख्यतः कर्ज आणि हमी. मार्च २०२५ मध्ये अमेरिका या भागीदाऱ्यांतून बाहेर पडली.

म्हणून सध्या सर्वांत मोलाचं काम मला वेगळ्याच ठिकाणी होताना दिसतं: देशातलाच पैसा, देशाच्याच चलनात, वीज प्रकल्पांकडे वळवणं. बहुतेक देशांत निवृत्तिवेतन निधींत बरीच रक्कम साठलेली असते, पण धोक्याच्या भीतीने ती सरकारी रोख्यांतच पडून राहते. नायजेरियात २०१७ मध्ये इन्फ्राक्रेडिट नावाची संस्था उभी राहिली. ती अशा प्रकल्पांच्या स्थानिक चलनातल्या रोख्यांना हमी देते. तिच्या हमीवर २०१९ मध्ये शिरोरो धरणावर वीज निर्माण करणाऱ्या कंपनीने ८.५ अब्ज नायरांचे १५ वर्षांचे हरित रोखे काढले. व्याज १५.६ टक्के. डॉलरच्या कर्जाशेजारी ठेवलं तर हा दर डोळ्यांत भरतो. पण जून २०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडण्यात आला, डॉलरचा अधिकृत भाव ४६० च्या आसपासून २०२४ च्या सुरुवातीला १,५०० च्या घरात गेला, आणि डॉलरमध्ये कर्ज घेतलेल्या प्रत्येक नायजेरियन कंपनीचं देणं नायरामध्ये तिप्पट झालं. शिरोरोच्या रोख्यांवरचं देणं होतं तेवढंच राहिलं.